काळा चढण्याआधीचे तक्ते

चारकोपच्या आमच्या घराच्या भिंतींना रंग द्यायची वेळ कधी आली नाही, कारण भिंत अशी कुठे दिसतच नव्हती. मोरीच्या दाराशेजारी अमीबा होता. कपाटाच्या दाराला आतून दातांचे प्रकार चिकटवलेले होते, डब्यांच्या फळीवर फुलपाखराची चारही रूपं पसरलेली होती, आणि बाबा ज्या कोपऱ्यात पाठ टेकून चहा प्यायचे तिथे माणसाची अख्खी पचनसंस्था होती. गावाहून कुणी आलं आणि जेवायला बसलं की त्याची नजर बरोबर मोठ्या आतड्यावर जायची. आमची शेजारीण म्हणायची, "सुमनताई, तुमच्याकडे दवाखान्यात आल्यासारखं वाटतं हो." आई हसायची आणि तिला आणखी एक तक्ता गुंडाळून द्यायची. तो घरी नेऊन ती बहुतेक डब्याखाली घालत असावी.

आई शाळेचे तक्ते छापणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होती. औद्योगिक वसाहतीतला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा, खाली सुताराचं दुकान, वर जिन्यापासूनच शाईचा आणि रॉकेलचा वास. तो वास आईच्या पदराला कायम असे, आणि अजूनही कुठे नवा छापलेला कागद हातात आला की मला आईची आठवण येते. ती समोरच्या खोलीत टीव्ही बघत बसलेली असली तरी येते. तिथे एकेक रंग वेगळा छापत. मशीनवर बसवलेल्या जाळीच्या चौकटीतून रबराच्या पट्टीने शाई ओढायची, कागद वाळवायचा, मग पुढचा रंग. आधी पिवळा, मग तांबडा, मग निळा, आणि शेवटी काळा. नावं आणि बाहेरच्या रेघा काळ्यात असत. आईने बरीच वर्षं तक्त्यांना वर-खाली पत्र्याच्या पट्ट्या ठोकण्याचं काम केलं होतं. मी दहावीत गेले त्याच वर्षी तिला चेकिंगच्या टेबलावर बसवलं. पट्ट्यांवरून चेकिंगला गेलेली ती तिथली पहिलीच बाई. सातवी झालेली. रंग सरकलाय का, रेघ तुटलीय का हे ती एका नजरेत ओळखायची, आणि तिने बाजूला काढलेला कागद शेठसुद्धा परत उचलत नसत. त्या टेबलाचा तिला किती अभिमान होता हे ती बोलून दाखवायची नाही. पण कामावर जाताना ती इस्त्रीची साडी नेसायला लागली होती.

बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते कांदिवलीत एका सोसायटीच्या गेटवर दिवसपाळी करत. दहावीच्या सराव परीक्षेत मी विज्ञानात आपटले. भौतिक-रसायन ठीक होतं, वाट लागली ती जीवशास्त्रात. बाईंनी पेपरवर लाल शाईत लिहिलं होतं, 'आकृत्या काल्पनिक.' बाबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "काल्पनिक म्हणजे बरा का वायट?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई कामावरून आली ती काखेत एक जाड गुंडाळी घेऊन.

त्या गुंडाळीत काळा चढण्याआधीचे तक्ते होते. रंग सरकला म्हणून तिने बाजूला काढलेले, त्यामुळे त्यांच्यावर नावं छापायची वेळच आली नव्हती. वनस्पतीची पेशी होती, पण एकाही भागाला नाव नाही. हृदय होतं, कान होता, मूत्रपिंडाचा काप होता, सगळे मुके. आईने पेशीचा तक्ता भिंतीला टाचला, हातात उलथनं घेतलं आणि एका हिरव्या ठिपक्यावर टेकवून म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, "हरितलवक." "करतं काय?" मी सांगितलं. "आणि हे?" मी पेन्सिल चावायला लागले. "मग बघ पुस्तकात. मला कुठे येतंय? मला फक्त एवढं माहितेय, की ह्याला दोन नंबरची निळी शाई लागते."

पुढचे कितीतरी दिवस संध्याकाळी सात ते नऊ आमच्या घरात हेच चालू होतं. पेशीपासून सुरुवात, मग ऊती, मग एकेक अवयव, मग सगळ्या संस्था, शेवटी परिसंस्था. स्वयंपाक बाबांनी अंगावर घेतला होता. कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका जवळा, यापलीकडे त्यांची मजल नव्हती. पण पिठीला लसणीची फोडणी ते अशी द्यायचे की शेजारची पोरं दारात येऊन उभी राहायची. फोडणी चुरचुरली की ते ओरडायचे, "आधी जेवा गो, मगे काय ता तुमचा पेशी-बिशी!" आई उलथनं तिथेच टेकवून ठेवायची, म्हणजे जेवण झाल्यावर मला त्याच ठिकाणापासून उत्तर द्यावं लागायचं. मी नंतर तीस-पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, निवृत्तही झाले, शिकवण्याच्या पद्धतींची शिबिरं केली, दिलीही. त्या उलथन्याच्या तोडीचं काही मला कुणी शिकवलं नाही.

आकृती काढायची तिची पद्धत तर शाळेच्या अगदी उलट होती. बाई सांगायच्या, आधी बाहेरची रेघ काढा, मग आतलं भरा. आई म्हणायची, "बाहेरची रेघ शेवटी. काळा कधीतरी आधी छापतात का?" ती मला आधी पिवळ्याचा भाग मनात मांडायला लावायची, म्हणजे सगळ्यात मागे काय आहे ते. मग तांबडा, मग निळा. काय कशाच्या मागून जातं, कुठला भाग कुणाखाली झाकला जातो हे त्यामुळे आपोआप कळायचं. जठराच्या मागे स्वादुपिंड असतं हे मी पाठ केलंच नाही. ते आधी काढलं होतं, म्हणून मागे होतं. माझ्या आकृत्या सुधारल्या, आणि ह्याचं श्रेय मी शाळेत बिनदिक्कत स्वतःला घेतलं.

एकदा मी यकृतावरून हटून बसले. पुस्तक म्हणत होतं उजव्या बाजूला, आणि तक्त्यात ते सरळसरळ डाव्या हाताला होतं. मी म्हटलं, "छापताना उलटं झालंय." आईने तक्ता भिंतीवरून काढला, मला उभं केलं आणि एप्रन धरावा तसा तो माझ्या छातीपोटावर धरला, चित्र बाहेर. "आता हात लाव. कुठे आलं?" माझा हात माझ्या उजव्या कुशीवर होता. "तो तुझ्यासमोर उभाय ना, बाय. त्याचा उजवा तो तुझा डावा." सातवी झालेल्या बाईने हे कुणाला न विचारता, नुसते तक्ते बघून बघून ओळखलं होतं. मला तेव्हा तिचं केवढं कौतुक वाटलं. दोन दिवसांनी मी ते विसरले आणि स्वतःच्या हुशारीवर पुन्हा खूश झाले, म्हणून तर पुढचं घडलं.

परीक्षेची सुट्टी लागली होती. एका गुरुवारी आई एक नवा तक्ता घेऊन आली. हा सरकलेला नव्हता, नमुन्यासाठी आधी काढलेला पहिलाच कागद होता, काळा चढायचा बाकी. खाडीचं अन्नजाळं. आमच्या घरामागे दहा-पंधरा मिनिटांवर जी खाडी आहे तशीच. तिवरं, त्यांची पाण्यात पडलेली पानं, चिंबोऱ्या, निवट्या नावाचे चिखलातले मासे, बगळा, वर घार, आणि सगळ्यांना जोडणारे तांबडे बाण. आई म्हणाली, "ह्याचा तांबडा आज निम्मा झालाय, उरलेला उद्यापासून जोरात छापायचाय. रंग मी बघितले, झकास आहेत. बाण तेवढे बघ गं, बरोबर आहेत ना?" तिने मला असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. परिसंस्थेचा धडा माझा अजून वाचायचा होता. पण चित्रात न कळण्यासारखं होतं काय? निवटीपासून बाण निघून बगळ्याकडे जात होता. मी म्हटलं, "आई, सगळे उलटे आहेत. बगळा निवटीला खातो ना? मग बाण बगळ्याकडून निवटीकडे नको?"

"नक्की?" आईने विचारलं.

"हो गं."

"बघ हां. नक्की ना? मला थांबवायला लागेल सगळं."

"आई, दहावीला मी आहे की तू?"

आईने तक्ता नीट गुंडाळला. शुक्रवारी सकाळी तिने मशीन थांबवलं. तिथे परबकाका म्हणून आमच्याच तालुक्यातले मशीनमन होते, कुणाचं ऐकून न घेणारे. पण आई चेकिंगला होती आणि तिचा शब्द आजवर खोटा पडला नव्हता. तांबड्याची जाळी धुतली गेली, चित्रकाराकडून बाण फिरवून घेतले, संध्याकाळपर्यंत नवी जाळी तयार झाली. आदल्या दिवशी तांबडा झालेले कागद दोरी बांधून कोपऱ्यात टाकले. शेठ गावाला गेले होते. आईने त्यांना न विचारता माझ्या शब्दावर हे सगळं केलं.

शनिवारी सकाळी मी परिसंस्थेचा धडा उघडला. दुसऱ्याच पानावर चौकटीत लिहिलं होतं, की अन्नसाखळीतील बाण अन्नाच्या आणि ऊर्जेच्या प्रवाहाची दिशा दाखवतात, म्हणजे भक्ष्याकडून भक्षकाकडे. मी ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. पायात चपला घातल्या की नाही ते आठवत नाही. पुस्तक हातात घेऊन मी सेक्टरच्या रस्त्यावरून औद्योगिक वसाहतीपर्यंत पळत सुटले, जिना चढले आणि दारातच थांबले. समोर वाळवायच्या फळ्यांवर वरपासून खालपर्यंत खाडीच खाडी होती, आणि प्रत्येक खाडीत बगळ्याच्या चोचीतून निघालेला बाण निवटीच्या तोंडात चालला होता.

"आई, थांबव. मी चुकले. आधीचे बरोबर होते."

मशीनचा आवाज थांबला. परबकाकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि ते आईला म्हणाले, "काल उलटे म्हणालंस, आज सुलटे म्हणतंस. उद्या काय आडवे करूचे?" कुणीतरी हसलं. आणि नेमके तेव्हाच गावाहून परतलेले शेठ जिन्यातून वर आले. त्यांनी एकदा फळ्यांवरच्या कागदांकडे बघितलं, एकदा कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे. "सुमनताई, परवा पार्टीला माल द्यायचाय. कुणी थांबवलं हे?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने मला हाताने मागे सारलं. "मी थांबवलं. चूक माझी आहे." मी मागून म्हटलं, "मी सांगितलं होतं तिला." आई मान न वळवता म्हणाली, "सांगणारा कुणी असू दे. टेबलावर मी बसते."

शेठ वाईट माणूस नव्हते. ते ओरडले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. कोपऱ्यातले आधीचे कागद बरोबर होते म्हणून निम्मं काम वाचलं, उरलेलं रविवारी सगळ्यांनी येऊन पुरं केलं. सोमवारपासून आई पुन्हा पट्ट्या ठोकायला बसली. तिच्या टेबलावर कुणालाच बसवलं नव्हतं, शेठ स्वतःच येता-जाता कागद बघायचे. आई साधी साडी नेसून कामावर जायला लागली.

त्या शनिवारी संध्याकाळी मी जेवले नाही. आई जेवली. हात धुऊन आली, उलट्या बाणांचा एक तक्ता तिने घरी आणला होता तो चुलीच्या बाजूच्या भिंतीवर लावला आणि मला म्हणाली, "रडून झालं असेल तर सांग मला. बाण असा का?" मी सांगितलं, बाण कोण कुणाला खातो ते दाखवत नाही, अन्न कुठून कुठे जातं ते दाखवतो. "म्हणजे बाण खाणाऱ्याचा नाही. जेवणाचा आहे." "हो." "मग तसं सांगायचं ना. हे तर लक्षात राहण्यासारखं आहे." बाबा तक्त्यासमोर उभे राहून केव्हाचे निरखत होते. ते म्हणाले, "मगे हयसर मासो बगळ्याक खाता काय गो?" आणि आई अशी हसली की शेवटी मलाही हसू आलं. हसता हसता मी पुन्हा रडले. तिने मला रागाने एक शब्द तरी बोलावं असं मला फार वाटत होतं, तिने ते कधी केलं नाही. फक्त त्या दिवसापासून आमच्या उजळणीत एक फरक पडला. मी उत्तर दिलं की ती आधी "नक्की?" विचारायची. आता विचारायला लागली, "कुठल्या पानावर?"

मी पास झाले, चांगल्या गुणांनी झाले. खालच्या मजल्यावरच्या मुलीने माझी पुस्तकं मागितली. ती द्यायचीच पद्धत होती. आईने सगळी दिली, विज्ञानाचं ठेवून घेतलं. "ते नाही देणार," एवढंच. कुणाला नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे मला नवल वाटलं. मग मला दिसायला लागलं की ते पुस्तक तिच्या पिशवीत असतं. जेवणाच्या सुट्टीत पट्ट्यांच्या ढिगाशेजारी बसून ती ते वाचायची, पहिल्या पानापासून, ओळीखाली बोट धरून. डोळ्यांना ताण यायला लागला तेव्हा तिने चष्मा करून घेतला. घरी कधी भाकऱ्या थापता थापता विचारायची, "केंद्रक नसलेली पेशी असते हे तू मला सांगितलं नव्हतंस. तांबडी रक्तपेशी." मी अकरावीत होते, कॉलेजची नवलाई होती. मी म्हणायची, "असेल गं." ती म्हणायची, "असेल नाही. आहे."

गणपती होऊन गेले होते. एका शनिवारी आई चष्मा घरीच विसरून गेली. तो घेऊन मी कारखान्यात गेले तर जिन्यातच मला शांतता जाणवली. मशीन बंद होतं. सगळे गोल करून उभे, मध्ये शेठ, आणि त्यांच्यासमोर आई, हातात पट्ट्या ठोकायची हातोडी तशीच. मशीनवर हृदयाचा तक्ता होता, पिवळा आणि तांबडा झालेला. आईने पट्ट्यांच्या जागेवरून उठून येऊन पुन्हा एकदा मशीन थांबवलं होतं. एकदा तोंडघशी पडलेली बाई. तिला आता कुणी काही विचारलंही नव्हतं.

"ही नळी तांबड्यात नको," आई सांगत होती. "हृदयाकडून फुप्फुसाकडे जाते ती. ही निळ्यात हवी."

"ताई, ती धमनी आहे," शेठ म्हणाले. "धमनी लाल असते हे शेंबड्या पोरालाही माहितेय."

"बाकीच्या लाल. ही नाही."

"नक्की?"

परबकाकांना मी दारात दिसले. "घेवा, मास्तरीण इली," ते म्हणाले आणि सगळे माझ्याकडे वळले. शेठही म्हणाले, "हां, हिला विचारा ना. कॉलेजात आहे." मी पुढे झाले. मला उत्तर माहीत होतं. आई माझ्याकडे आली, माझ्या हातातून चष्मा घेतला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला. मला तिने काही विचारलं नाही. पिशवीतून पुस्तक काढलं, बोट लावून पान उघडलं आणि शेठांच्या समोर धरलं. शेठांनी ओठ हलवत वाचलं, की फुप्फुस धमनीत ऑक्सिजन नसलेलं रक्त असतं, म्हणून ती निळ्या रंगात दाखवतात. मग तसंच पुस्तक परबकाकांकडे दिलं. काका वाचायच्या भानगडीत पडले नाहीत, त्यांनी सरळ तांबड्याची जाळी उचलून धुवायला नेली.

सोमवारी आई इस्त्रीची साडी नेसून गेली. टेबलावर बसायच्या आधी तिने शेठांकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली, की पुस्तक टेबलाला बांधलेलं राहील आणि कुणी काही म्हणालं तर पान दाखवूनच म्हणेल. ते माझं पुस्तक तिथे सुतळीने बांधलेलं मी कितीतरी वर्षं बघितलं. पहिल्या पानावर माझं नाव होतं आणि त्याच्याखाली तिच्या सावकाश अक्षरात, 'सुमन. चेकिंग.'

आई आता ऐंशीच्या पुढे आहे आणि बोरिवलीला माझ्याकडे असते. माझी नात यंदा दहावीला आहे. ती मोबाईलवर धडे बघते, आणि आई खुर्चीतून विचारते, "कुठल्या पानावर?" नात म्हणते, "पणजी, पान नसतं गं ह्याला." आईला ते पटत नाही.

एक गोष्ट मी तिला इतक्या वर्षांत सांगितलेली नाही. त्या शनिवारी सगळे माझ्याकडे वळले तेव्हा मला उत्तर माहीत होतं असं मी वर लिहिलंय. माहीत होतं ते हे, की धमनी लाल असते. आईने विचारलं असतं, तर मी पुन्हा एकदा, तितक्याच खात्रीने, तेच सांगितलं असतं.